सीलिॲक असलेल्या मुलीसाठी जर्मनीत स्वयंपाकाची भांडी: इथून काय न्यावं, तिथे काय जुनं चालेल?

सांगलीची_आई

मुलगी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आखेनला एम.एस.साठी जाते आहे. तिला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लूटेन आतड्यांना सोसत नाही असा आजार. बायोप्सीने निदान झालेलं आहे, त्यामुळे गहू, बार्ली, राय पूर्ण बंद. जेवण ज्वारी, नाचणी, तांदूळ, डाळी, भाज्या यांवर.

वसतिगृहात दहा जणांत एक स्वयंपाकघर आहे. काचेची सपाट विजेची शेगडी, एक ओव्हन, आणि आधीच्या मुलांनी मागे ठेवलेली बरीच भांडी. खोलीत शेगडी लावायला मनाई आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतील, त्यातच खोलीचं भाडं आणि विमा. त्यामुळे भांड्यांवर एकदाच १०० युरो, त्याहून जास्त नको असं ठरवलंय. सामान २३ किलोच्या दोन बॅगा.

विचारायचं ते असं. तिथली सामायिक भांडी नीट घासून वापरली तर चालतात का? जुन्या बाजारातून घेतलेली चालतात का? कुकर, तवा आणि मिक्सर इथून न्यावेत की तिथे घ्यावेत? आणि ज्योत नसलेल्या शेगडीवर भाकरी होते का? कुणी नेमकं सांगितलं तर फार बरं होईल.

श्रावणघेवडा

ताई, आधी भांडं कशाचं आहे ते बघायचं, जुनं की नवं हा प्रश्न त्यानंतरचा. ग्लूटेन म्हणजे गहू, बार्ली, राय यांतलं चिकट प्रथिन. गुळगुळीत पृष्ठभागावरून ते साबण, गरम पाणी आणि घासणीने निघून जातं. जिथे भेगा, छिद्रं, ओरखडे, सांधे असतात तिथे ते अडकून बसतं आणि पुढच्या ओल्या, गरम अन्नात सुटतं.

म्हणून स्टीलची पातेली, काचेचे बाउल, चिनीमातीच्या ताटल्या, टवका न उडालेलं एनॅमलचं भांडं, स्टीलचे चमचे आणि सुऱ्या हे सगळं जुनं बिनधास्त घ्या. स्टीलच्या भांड्यात एकच जागा नीट बघायची: कान किंवा दांडा जिथे रिव्हेटने जोडलेला असतो तिथे आतल्या बाजूने कळकट थर बसतो. तो ब्रशने निघत नसेल तर ते पातेलं सोडून द्या. दांडा वेल्ड केलेलं पातेलं मिळालं तर उत्तम.

जुनं किंवा सामायिक अजिबात नको ते असं: लाकडी चमचे, लाकडी पाट, लाटणं, ओरखडे पडलेलं नॉनस्टिक, बिडाचं भांडं, टोस्टर, वॅफल करायचं यंत्र, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे चाळणी. पास्ता गाळायच्या जाळीत आणि मैद्याच्या चाळणीत जे अडकतं ते कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. नवी स्टीलची जाळी दोन-चार युरोत मिळते, तिथे काटकसर करू नये.

आता सामायिक भांड्यांचं. तत्त्वतः स्टीलचं पातेलं घासून चालतं. पण दहा जणांच्या स्वयंपाकघरात खरा घोटाळा पातेल्यापेक्षा घासणीत असतो. ज्या स्पंजने पास्त्याचं भांडं घासलं त्याच स्पंजने तिचं पातेलं घासलं की सगळी मेहनत पाण्यात. तिची घासणी, तिचं पुसायचं फडकं आणि तव्यावर दाबायचं फडकं वेगळ्या रंगाची, आणि ती सिंकपाशी ठेवायचीच नाहीत. झाकणाचा ३०-४० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. भांडी, घासणी, फडकी सगळं त्यात भरून खोलीत ठेवायचं आणि स्वयंपाकाच्या वेळी डबा उचलून न्यायचा. कप्पा मिळत असेल तर सगळ्यांत वरचा मागा, कारण पीठ आणि पावाचा चुरा वरून खाली पडतो. डब्यावर ‘ग्लूटेनफ्राय, बिटे निष्ट बेनुत्सेन’ अशी चिठ्ठी जर्मनमध्ये लिहून चिकटवा, म्हणजे ‘ग्लूटेनमुक्त, कृपया वापरू नये’.

ओट्यावर पीठ थेट मळू किंवा थापू नये. ओव्हन सामायिक चालतो, पण तिचा स्वतःचा ट्रे किंवा खाली बेकिंग पेपर, जागा वरच्या खणात, आणि पंख्याची ‘उमलुफ्ट’ सेटिंग बंद. पंखा आतला चुरा उडवतो. ‘ओबर-उंटरहित्स’ म्हणजे वरून-खालून नुसती उष्णता, ती वापरायची.

तिसरी_शिट्टी

कुकर इथूनच न्या असं माझं मत. कारण आकाराचं आहे. जर्मनीत एकट्या माणसाला पुरेल असा अडीच-तीन लिटरचा कुकर दुकानात शोधावा लागतो, सर्रास दिसतात ते साडेचार-सहा लिटरचे आणि महाग. इथे तीन लिटरचा स्टीलचा, जाड सपाट तळाचा कुकर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो.

ॲल्युमिनियमचा घेऊ नका. काचेच्या शेगडीचे दोन प्रकार असतात. एकात काचेखाली तार लाल होते, तिला तिथे सेरान म्हणतात. तिच्यावर ॲल्युमिनियम तापतं, पण भांडं सरकवलं की काचेवर राखाडी चंदेरी ओरखडे उमटतात आणि ते पुसता पुसत नाहीत. दुसरी इंडक्शन, तिच्यावर ॲल्युमिनियम तापणारच नाही. पुढच्या वर्षी खोली बदलली आणि तिथे इंडक्शन निघाली तर कुकर फुकट जाईल. दुकानात फ्रिजचं चुंबक घेऊन जा. तळाला घट्ट चिकटलं तरच घ्या.

सोबत दोन जादा गास्केट, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी, सगळं त्याच कंपनीचं आणि त्याच मापाचं. हे सुटे भाग तिथे कोपऱ्यावर मिळत नाहीत. कुकर चेक-इनच्या बॅगेत टाका. केबिनच्या बॅगेत असला की तपासणीत अडवण्याची शक्यता असते. आत मसाले, वाट्या भरून टाकल्या की जागाही वाया जात नाही.

सेरानवर कुकर लावताना घरच्या सवयीने चुकतं ते एकच. गॅस बंद केला की उष्णता थांबते, इथे तसं होत नाही. बटण बंद केल्यावरही काच पाच-सात मिनिटं तापलेली राहते आणि कुकर शिट्ट्या देतच राहतो; खाली पाणी कमी असेल तर डाळ लागते. म्हणून शेवटच्या शिट्टीआधी बटण बंद करायचं किंवा कुकर उचलून थंड गोलावर ठेवायचा. ओढत न्यायचा नाही. गोल साधारण १४.५, १८ आणि २१ सेंटिमीटरचे असतात. तीन लिटरच्या कुकरला बहुतेक वेळा लहान किंवा मधला गोल बसतो.

राइनकाठ

कुकरबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. दोन किलो वजन वाचवून तेवढं पीठ न्यावं. जर्मन कुकर, तिथे त्याला ‘श्नेलकोखटोप्फ’ म्हणतात, जुन्या बाजारात बऱ्याचदा १५ ते ३० युरोत मिळतो आणि स्टील इतकं जाड असतं की वीस वर्षं वापरलेलाही सरळ तळाचा राहतो. फिसलर, डब्ल्यूएमएफ, सिलिट या नावांचा घ्यावा, कारण त्यांच्या जुन्या मॉडेलचे रबरी रिंग अजून मिळतात. रिंग मात्र नवीनच टाकायची, ग्लूटेनसाठीही आणि वाफेसाठीही. तिला ‘डिश्टुंग्सरिंग’ म्हणतात आणि किंमत साधारण १५ ते २५ युरो. म्हणजे कुकर विकत घेण्याआधी मॉडेल बघून रिंग मिळते का आणि कितीला ते पाहायचं. नाहीतर १५ युरोच्या कुकरला २५ युरोची रिंग होते. झाकणातला व्हॉल्व्ह बोटाने दाबून मोकळा हलतो का आणि झाकण सहज फिरून बसतं का, एवढं तिथल्या तिथे पाहावं.

त्याला शिट्टी नसते. झाकणावरची दांडी वर येते, तिच्यावर दोन रेघा असतात. पहिली रेघ साधारण ११० अंशांच्या आसपास, दुसरी ११६ ते ११९. आपला शिट्टीचा कुकर १२० अंशांच्या जवळ चालतो, म्हणून डाळीला दुसरी रेघ. रेघ दिसली की आच कमी करायची आणि तिथून वेळ मोजायचा: अर्धा तास भिजलेली तूरडाळ ८ ते १० मिनिटं, रात्रभर भिजलेले हरभरे २० मिनिटं, अख्खे मध्यम बटाटे १०-१२ मिनिटं. डाळ-तांदूळ फेसाळतात, तेव्हा भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही आणि डाळीत चमचाभर तेल टाकायचं.

आता खरेदीचं. तारखा तुमच्या बाजूने आहेत. तिथलं उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला संपतं, हिवाळी ३१ मार्चला. खोल्यांचे करार बहुतेक त्याच दिवसांना संपतात, म्हणून शेवटच्या दहा दिवसांत सोडून जाणारी मुलं भांडी अक्षरशः वाटून टाकतात. मुलीने पोहोचल्या पोहोचल्या नवीन काही घेऊ नये, आधी हे पाहावं:

‘क्लाइनआन्त्सायगेन’ हे जुन्या वस्तूंचं ॲप. त्यात शहर टाकून ५ किलोमीटरचा घेर निवडायचा. ‘त्सु फेरशेंकेन’ हा विभाग फुकट वस्तूंचा. किमतीपुढे व्ही.बी. लिहिलेलं असेल तर घासाघीस चालते. पैसे वस्तू हातात घेऊन, बघून, रोख द्यायचे. ‘आधी लिंकवर पैसे भरा, मग पाठवतो’ असा निरोप आला की तिथेच थांबायचं.

‘सोत्सियालकाउफहाउस’ म्हणजे संस्थांनी चालवलेली जुन्या सामानाची दुकानं. कॅरिटास, डायकोनी, रेड क्रॉस अशा संस्थांची असतात. ताटल्या, पेले, स्टीलची पातेली तिथे एक-दोन युरोपासून. आखेन तीन देशांच्या सीमेवर आहे, नेदरलँड्सचं व्हाल्स हे गाव तर शहराला लागूनच आहे. डच बाजूला अशाच दुकानांना ‘क्रिंगलोप’ म्हणतात, तीही बघण्यासारखी.

ज्या वस्तू नव्याच हव्यात (जाळी, चमचे, फडकी, प्लास्टिकचा कापायचा पाट, झाकणाचा डबा) त्या ॲक्शन, टेडी, वूलवर्थ किंवा इकेआमध्ये. आल्डी आणि लिडल या किराणा दुकानांत भांड्यांची ऑफर आठवड्यातून दोनदा बदलते, बहुतेक सोमवारी आणि गुरुवारी. बरं पॅन त्यातच स्वस्त पडतं. रविवारी दुकानं बंद असतात, हे उतरण्याचा दिवस ठरवताना लक्षात घ्या. पहिल्या दोन दिवसांचं कोरडं खाणं बॅगेत हवंच.

पाऊण_वाटी

भाकरीवर लिहिते, कारण तिच्यासाठी भाकरी जमली की निम्मा प्रश्न सुटला. तिथला ग्लूटेनमुक्त पाव साध्या पावाच्या कितीतरी पट महाग असतो आणि एवढ्याशा पाकिटाने पोट भरत नाही.

तवा इथून न्या, पण घरचा खोलगट नको. काचेवर मध्ये फुगलेला किंवा खोल तवा फक्त एका बिंदूवर टेकतो, बाकीचा थंडच राहतो. लोखंडी सपाट डोशाचा तवा, २५-२६ सेंटिमीटरचा, ३ मिलिमीटरच्या आसपास जाड, दोन कानांचा. लांब दांड्याचा बॅगेत मावत नाही. बिडाचा जड पडतो आणि खालून खरखरीत असला तर काच खरवडतो. घेताना उलटा करून तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. खालून उजेड दिसला तर दुसरा घ्या.

नवा तवा इथेच वळवून न्या. साबणाने कारखान्याचं तेल काढा, मंद आचेवर सुकवा, तेलाचा पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, असं तीन-चार वेळा, मग कांदा परता. वसतिगृहात हे करायला गेलं तर धुराचा अलार्म वाजणार. जर्मनीत राहत्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धूरसूचक बसवलेले असतात. फोडणी देतानाही स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी आणि चिमणी चालू.

इथून तवा नेणं जमलंच नाही तर तिथे ‘क्रेपफान’ नावाचं बुटक्या काठाचं सपाट पॅन मिळतं. नवंच घ्यायचं. त्याच्यावर घावन, आंबोळी, धिरडी छान होतात. भाकरीला मात्र नॉनस्टिकचं पॅन रिकामं कडक तापवावं लागतं आणि त्याने थर खराब होतो. ‘आयझेनफान’ म्हणजे लोखंडी पॅन, ते भाकरीला योग्य.

शेगडीचं बटण ९ पैकी ६ वर ठेवून तवा ७-८ मिनिटं तापू द्या. एकदम ९ वर टाकला की पातळ तवा वाकतो, मधोमध फुगतो आणि मग काचेवर गरगर फिरतो. विशेषतः इंडक्शनवर. २६ सेंटिमीटरचा तवा १८ च्या गोलावर ठेवला तर कडा कच्च्या राहतात, म्हणून २१ चा गोल किंवा भाकरी लहान, १६-१७ सेंटिमीटरची.

पीठ. दळून महिना-दीड महिना झालेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. तिकडे नेलेलं पीठ जुनं होणारच, म्हणून उकडच काढायची. वाटीभर पिठाला पाऊण वाटी खळखळ उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ, पीठ टाकून ढवळायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं, मग हात पोळेल न पोळेल इतकं गरम असताना पाच मिनिटं तळहाताने रगडून मळायचं. तांदळाच्या पिठाला पाणी वाटीभर. चिरतंय असं वाटलं तर पाणी कमी पडलंय किंवा मळणं कमी झालंय. पीठ वाढवत बसू नये. पीठ फ्रीझरमध्ये ठेवलं तर विरी जास्त टिकते.

थापायला बेकिंग पेपर किंवा नवी सिलिकॉनची चटई. पेपरसकट उचलून तव्यावर पालथी टाकायची, पेपर सोडवायचा. पिठाची बाजू वर आली पाहिजे. वर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की लगेच उलटायची; पूर्ण वाळू दिलं तर पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पुन्हा उलटून फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबत गोल फिरवायची. ज्योतीवर फुगते तशी टम्म नाही, पण बऱ्यापैकी फुगते. ओव्हनमध्ये ग्रिल असेल तर आधी पूर्ण तापवून, स्वतःच्या जाळीवर ठेवून, वरच्या खणात मिनिटभर. तिथे टम्म फुगते. समोरून हलू नये, मिनिटाचे दोन झाले की करपते.

सांडशी नक्की न्या. तिकडची पातेली दांड्याची असतात, त्यामुळे सांडशी दुकानात दिसत नाही, आणि बिनकानाच्या स्टीलच्या डब्यांना ती लागतेच. उलथनं, छोटी परात, किसणी, वाट्या हेही इथूनच. वजन नगण्य.

सांगलीची_आई

खूप नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आणखी तीन गोष्टी. तिच्या मैत्रिणीकडे तिथे बिडाचा तवा आहे, ती द्यायला तयार आहे. ‘लाल होईपर्यंत तापवला की सगळं जळून जातं’ असं ती म्हणते, ते खरं का? दुसरं, आमच्या गिरणीतून ज्वारी-नाचणीचं ताजं पीठ दळून, सोबत मेतकूट आणि भाजणी द्यावी म्हणते. तिसरं, घरातला ७५० वॉटचा मिक्सर तिकडे चालेल का?

श्रावणघेवडा

तव्याचं: नको. शेगडीवर तवा जितका तापतो तेवढ्याने ग्लूटेनचा भरवसा धरता येत नाही. करपून काळं झालेलं पीठ दिसत नाही, पण छिद्रांत अर्धवट भाजलेलं उरतं. जंतू मारायला उकळतं पाणी किंवा स्पिरिट चालतं, पण ग्लूटेन जंतू नाही, ते मरत नाही. ते धुवून काढून टाकावं लागतं, आणि बिडाच्या छिद्रांतून ते निघत नाही. हाच नियम तळणीच्या तेलाला आणि पास्ता उकळलेल्या पाण्यालाही. तापलंय म्हणून शुद्ध झालं असं नाही.

गिरणीचं: हे मात्र कळकळीने सांगते, नका देऊ. ज्या दगडावर गहू दळला जातो त्याच दगडावरून ज्वारी गेली की पहिल्या काही किलोंत गव्हाचं पीठ येतंच, आणि आधी थोडे तांदूळ दळून घेतले तरी खात्री नाही. घरी घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला नसेल तर चालेल. नाहीतर पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं पीठ घ्या. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत आणि युरोपातही ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही, मर्यादा सारखीच आहे.

मेतकुटात परंपरेने गहू असतात. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत असतात. बाजारातलं हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेलं असतं. पाकिटावर तांदळाचं पीठ किंवा डिंक लिहिलेलं हिंग शोधा. मेतकूट आणि भाजणी द्यायचीच असेल तर गहू वगळून, नव्या कढईत भाजून, गहू कधीच न वाटलेल्या मिक्सरवर स्वतः करा. उपासाचं सामान, म्हणजे राजगिरा, वरई, साबुदाणा, तिच्या फार कामाचं आहे. तेही ग्लूटेनमुक्त छापलेलं.

तूप देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, आणि तूप दुधाचंच. तिथल्या दुकानात ‘बुटरश्माल्त्स’ मिळतं, ते तूपच. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही, वाळवून भुकटी करा.

तिथे पाकिटावर घटकांच्या यादीत गहू, राय, बार्ली, ओट ठळक अक्षरांत छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे वाचायला सोपं. हे शब्द पाठ करून ठेवावेत: वाइत्सन (गहू), डिंकेल आणि ग्र्युनकेर्न (हे दोन्ही गव्हाचेच प्रकार, ‘जुनं पौष्टिक धान्य’ म्हणून सर्रास विकतात), रोगेन (राय), गेर्स्ट (बार्ली), माल्त्स (बहुधा बार्लीचा माल्ट), हाफर (ओट, ग्लूटेनफ्राय लिहिलेलेच, तेही डॉक्टरांना विचारून). ‘वाइत्सनफ्राय’ म्हणजे एवढंच की गहू नाही, त्यात राय असू शकते. उलट ‘बुखवाइत्सन’ या नावात गहू असला तरी तो कुट्टू, चालतो. ‘हिर्झ’ म्हणजे वरी-राळ्यासारखं धान्य, ते डीएम किंवा रॉसमान या साबण-प्रसाधनांच्या दुकानांत ग्लूटेनफ्राय छापलेलं मिळतं. आशियाई दुकानात तांदळाचं पीठ स्वस्त असतं, पण ‘ग्लुटिनस’ लिहिलेलं भाकरीला घेऊ नका. त्यात ग्लूटेन नसतं, पण भाकरीचा चिकट गोळा होतो.

मसूर आणि इतर डाळी तुर्की दुकानात स्वस्त. पाकिटबंदच घ्यायच्या, सुट्या पेट्यांशेजारी बुलगूर म्हणजे गव्हाचाच भरडा असतो. आणि घरी आणल्यावर पांढऱ्या ताटलीत पसरून निवडायच्या. डाळीत गव्हाचे अख्खे दाणे निघतात.

वायरमन_पुणे३०

मिक्सरचं सांगतो. जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. ट्रान्सफॉर्मर लागत नाही, मोटर त्याच वेगाने फिरते. अडचण फक्त प्लगची. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या गोल खोलगट शुको सॉकेटमध्ये जात नाही.

विमानतळावर मिळणारा दोन पिनांचा ‘युनिव्हर्सल’ ॲडाप्टर घेऊ नका. शुकोमध्ये अर्थिंग बाजूच्या दोन पितळी पट्ट्यांतून येतं, दोन बारीक पिनांच्या ॲडाप्टरला त्या पट्ट्या लागत नाहीत, म्हणजे मिक्सरला अर्थिंगच नाही. भारतीय तीन पिन ते शुको असा, बाजूला धातूच्या पट्ट्या असलेला, १६ अँपिअर लिहिलेला ॲडाप्टर घ्या. ७५० वॉटच्या मिक्सरला सव्वातीन अँपिअर लागतात, ते सहज झेपतात.

मिक्सर जारांसकट चार-पाच किलो भरतो. न्यायचाच असेल तर नवा, कारण घरातल्या जारच्या पात्याखाली आणि रबरात गव्हाचं काही गेलं असेल तर ते निघत नाही. सोबत दोन जादा कपलर (खाली मोटरवर बसणारं दातेरी चाक) आणि झाकणाचे रबर. कपलरच आधी झिजतं, आणि ते तिथे मिळत नाही. चटणी-वाटणापुरतंच हवं असेल तर तिथल्या स्वस्त हातब्लेंडरने भागतं, पण ओलं खोबरं आणि भिजवलेले तांदूळ त्याने बारीक होत नाहीत.

एक इशारा. तिथे एका लाइनवर सहसा १६ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे साधारण ३६८० वॉट. पाण्याची किटली २२०० वॉट ओढते. ती आणि दुसरं मोठं उपकरण एकाच पट्टीवर लावलं की मजल्यावरचा स्वयंपाकघराचा फ्यूज उडतो.

सांगलीची_आई

मिक्सर रद्द, हातब्लेंडर तिथे. कुकर आणि तवा इथून. छोटा राइस कुकर घ्यावा का? गर्दीच्या वेळी शेगडीचा गोल मिळत नाही म्हणतात.

राइनकाठ

घ्यावा, आणि गर्दीसाठीच घ्यावा. ०.६ लिटरचा, ३००-३५० वॉटचा, आशियाई दुकानात किंवा ऑफरमध्ये २०-२५ युरोत मिळतो. एका माणसाला दोन वेळचा भात होतो. जुना घ्यायचा झाला तर आतलं भांडं बघा, थर निघालेलं असेल तर नको. झाकणाखालचं वाफेचं छिद्र आणि रबर यांत आधीच्या माणसाने काय शिजवलं ते कळत नाही, म्हणून पाच-दहा युरो जास्त देऊन नवाच बरा. खोलीत लावता येतो का ते करारात पाहावं. बऱ्याच ठिकाणी उष्णता देणारं कुठलंही उपकरण खोलीत चालत नाही, तेव्हा स्वयंपाकघरातच लावायचा.

वरणभात एकत्र करायचा असेल तर अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, दोन ते सव्वादोन वाट्या पाणी, हळद, चमचाभर तेल. तूरडाळ यात शिजत नाही, तिला कुकरच. बटण वर उडालं तरी झाकण दहा मिनिटं उघडायचं नाही, वरचे दाणे त्या वाफेतच शिजतात. फेस येऊन पाणी झाकणातून बाहेर आलं तर भांडं जास्त भरलंय. आतल्या खुणेच्या दोन-तृतीयांशपर्यंतच भरायचं.